नसलेल्या तळ्याचा दाखला

आमच्या शेतात तळं नाही. हे मी एकदा साध्या कागदावर, एकदा स्टॅम्प पेपरवर आणि एकदा तलाठ्यासमोर दोन पंचांच्या सह्यांनिशी लेखी दिलेलं आहे. आता तेच खोडून काढण्यासाठी गेले कित्येक महिने अर्ज करतो आहे. एका अनुदानित शाळेत मी हेडक्लार्क आहे. एकतीस वर्षं मी इतरांचे अर्ज 'त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावा' असा शेरा मारून परत पाठवले, त्यामुळे मला तक्रारीला तोंड नाही. पण माणूस थकतो हो.

सोलापूर जिल्ह्यात मैंदर्गीजवळ आमची साडेचार एकर कोरडवाहू जमीन आहे. ती कसतात माझे थोरले बंधू महादेवप्पा, म्हणजे अण्णा, आणि चंद्रव्वा वैनी. मी शहरात, जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून 'आमची शेती' असं म्हणतो. दोन वर्षांपासून त्या बाजूला सोलरवाले फिरू लागले होते. ज्वारीच्या रानात काचांच्या रांगा उभ्या करायच्या आणि तीस वर्षांचा करार करायचा. शेजारच्या दोघांनी सह्या केल्याही. अण्णांचे गुडघे गेलेले, मजूर मिळत नाहीत, म्हणून दिवाळीत त्यांनी सांगून टाकलं की यंदाचं पीक शेवटचं, मग आपणही सही करणार.

मला ते नको होतं. पेरलेलं रान सोडलं तर गाव म्हणून दाखवायला माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही, हे खरं कारण. दरवर्षी शाळेत हुरड्याची पिशवी नेऊन मी जो भाव खातो तो बुडणार, हे त्याहून खरं कारण. मी तिथल्या तिथे बोलून बसलो की अण्णा, आपण हुरडा पार्टी सुरू करू, शहरातले लोक येतील, मी वेबसाइट काढतो. अण्णांनी मला लहानपणी विहिरीत ढकलण्याआधी बघितलं होतं तसं बघितलं.

"मला त्यातलं काय कळत न्हाय, शिवू," ते म्हणाले. "येळ आमुशेपतूर धा परकी मानसं आपल्या रानात जेवून गेली, तर मी सही करत न्हाय. न्हाय आली, तर तू मदी पडायचं न्हाय."

येळ अमावस्या म्हणजे आमच्याकडे रानात जेवायचा दिवस, दिवाळीनंतर दोन महिन्यांनी येतो. दहा माणसं म्हणजे काय मोठी गोष्ट, असं मला त्या वेळी वाटलं. आमच्या जिन्यात कुणी मोठ्यानं भांडलं तरी पंधरा जमतात.

वेबसाइट आठ दिवसांत तयार झाली. तिच्यावर अण्णांचा फोटो, कणसांचा फोटो आणि मी स्वतः लिहिलेला 'हुरडा : एक चिंतन' हा लेख होता. पहिल्या पंधरवड्यात साइटवर चार जण येऊन गेले. त्यातली एक माझी पत्नी विजयमाला, एक शेजारचे बापूसाहेब आणि उरलेले दोन मी. विजयमालेनं तर चिंतनाच्या दुसऱ्या परिच्छेदात गॅस बंद करायचा राहिला म्हणून मोबाइल ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

बापूसाहेब टपाल खात्यातून निवृत्त झालेत. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं हाताळल्यामुळे त्यांना प्रत्येकाच्या घरात काय कमी आहे ते दिसतं. त्यांनी मला समजावलं की हल्ली स्वतः लिहिण्याची पद्धत राहिलेली नाही. लेख बाहेरून लिहवून घ्यायचे, घाऊक. त्यांच्या जावयानं फरशीच्या दुकानासाठी दोनशे लेख घेतले आणि गिऱ्हाईक आवरेना. फरशीवर दोनशे लेख लिहिता येतात हे ऐकून मला घरातल्या फरशीवरून चालताना संकोच वाटू लागला.

अशा रीतीनं मी पुण्याच्या एका कंपनीला पन्नास लेख सांगितले. तिथला इंद्रजीत नावाचा माणूस फोनवर फार अदबीनं बोलायचा. त्यानं सांगितलं की लेख माणसांनी वाचायचा असतो हा जुना समज आहे. आधी तो गुगलला आवडावा लागतो, मग गुगल माणसं पाठवतं. त्यासाठी प्रत्येक लेखात 'सोलापूरजवळ हुरडा पार्टी' हे शब्द अकरा वेळा आलेच पाहिजेत. मी विचारलं, दहा वेळा आले तर? "अकरा, सर," एवढंच त्यानं पुन्हा सांगितलं. माझ्या टेबलासमोर अपुरे कागद घेऊन उभ्या राहिलेल्या शिक्षकांना काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

लेख येऊ लागले. पहिलाच असा होता : 'तुम्ही सोलापूरजवळ हुरडा पार्टी शोधत आहात का? मग सोलापूरजवळ हुरडा पार्टी तुमच्यासाठीच आहे. कारण सोलापूरजवळ हुरडा पार्टी म्हणजे सोलापूरजवळ हुरडा पार्टी.' बापूसाहेबांनी तो मोठ्यानं वाचला आणि आरतीसारखा वाटतो म्हणाले. चौथ्या लेखात हुरडा रात्रभर भिजत घालायला सांगितला होता. नवव्यात हुरड्यामुळे केस गळायचे थांबतात असं होतं, आणि त्यावर आमच्या सोसायटीच्या चेअरमननी मला गाठून खाजगीत चौकशी केली. मी टकलाचा विषय टाळून कसाबसा सुटलो.

एकोणिसावा लेख मात्र मी पूर्ण वाचला नाही. ती माझी चूक. शाळेत वार्षिक तपासणी होती, मी नुसते अकरा मोजले आणि साइटवर चढवला. आत लिहिलं होतं की आमचं शेत हिरव्यागार डोंगरांच्या कुशीत असून तिथल्या निळ्याशार तळ्यात नौकाविहाराची सोय आहे. मैंदर्गीला डोंगर बघायचा तर घरून फोटो न्यावा लागतो. पाण्याचं म्हणाल, तर आमच्या विहिरीत फेब्रुवारीनंतर कबुतरं राहतात.

नेमका तोच लेख गुगलला आवडला. मी तो काढून टाकायला सांगितला तेव्हा इंद्रजीतच्या आवाजात पहिल्यांदा दुःख उमटलं. "सर, एवढाच एक वर आलाय. लोक बोटिंग शोधतात हो," तो म्हणाला. हुरडा कुणीच शोधत नव्हतं. चार दिवस ठेवून बघू, असं आमचं ठरलं.

त्या चार दिवसांतल्या रविवारी पुण्याहून एक कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन मुली आणि हवा भरलेली बदकाच्या आकाराची, पाण्यावर तरंगायची रबरी गादी. अण्णांनी त्यांना मान देऊन विहीर दाखवली. गृहस्थानं विहिरीत वाकून पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं. ते न जेवता निघून गेले, त्यामुळे दहांच्या हिशेबात एकही धरता आला नाही. जाताना बदक मात्र विसरले. वैनींनी ते कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून ठेवलं.

गृहस्थानं तक्रार केली ती ऑनलाइन. आठवड्याभरात मला तालुक्याच्या कार्यालयाचं पत्र आलं, विषय : विनापरवाना नौकाविहार. खुलासा करायला मी रजा टाकून गेलो. तिथल्या कारकुनाला सांगितलं की साहेब, तळंच नाही. तो म्हणाला, तसं सिद्ध करा. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, म्हणून मला रागावताही येईना. जे आहे त्याचा उतारा निघतो, जे नाही त्याचा कुठून आणायचा? शेवटी असं ठरलं की तलाठ्यानं जागेवर जाऊन पंचनामा करावा.

पंचनामा म्हणजे काय हे गावात वेगळं सांगावं लागत नाही. निम्मं गाव बांधावर जमलं. तलाठ्याच्या फॉर्मात रकाना कोरा ठेवायची सोय नव्हती, म्हणून भर उन्हात मला विचारून विचारून एकेक भरण्यात आला. तळ्याचं क्षेत्रफळ : निरंक. खोली : निरंक. बोटींची संख्या : निरंक. आजवर बुडालेल्या व्यक्ती : निरंक. रबरी बदकाचं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली आणि ते 'इतर साहित्य' मध्ये गेलं. दुसऱ्या दिवसापासून अण्णा बाजारात दिसले की लोक विचारायचे, काय महादेवप्पा, पोहून आला व्हय? मला अण्णा फोनवर फक्त हवापाणी विचारत, आणि तेच मला जास्त लागलं.

सोबत घोषणापत्रही द्यायचं होतं. कारकून मजकूर सांगत होता, 'सदर गटात तळे नाही व पूर्वीही नव्हते.' मला ते वाक्य लंगडं वाटलं. एकतीस वर्षं मसुदे केलेल्या माणसाचा हात आहे हा. मी पुढे आपणहून घातलं, 'व भविष्यातही असणार नाही.' कारकुनानं वर पाहिलं आणि माझी शाळा कोणती ते आदरानं विचारलं. त्या सगळ्या प्रकरणात माझा मान राखला गेला तो एवढाच.

आता अमावस्येला बारा दिवस उरले होते आणि जेवून गेलेली परकी माणसं निरंक. सोलरवाल्यांनी अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी कागद घेऊन येतो म्हणून कळवलं होतं. मी इंद्रजीतवर चिडलो. आयुष्यात मी इतका वेळ कुणावर चिडलेलो नाही. शेवटी कंटाळून त्यानं मला लेख लिहिणाऱ्या मुलीचाच नंबर देऊन टाकला.

तिचं नाव अंकिता. ती चिपळूणकडची, पुण्यात खोली घेऊन राहणारी. दिवसाला सहा लेख लिहायची, सकाळी गुडघ्याचं तेल आणि गाद्या, जेवणानंतर आम्ही. मी त्या वेळी शेतातच होतो. तळं कुठून आणलंस, असं मी तिला दरडावून विचारलं. ती खरोखर गोंधळली. "सर, गाव म्हटलं की पाणी असतंच ना?" ती म्हणाली. डोंगराचंही तिचं तसंच झालं होतं. तिनं जन्मात बिनपाण्याचं, बिनडोंगराचं गाव पाहिलेलंच नव्हतं, आणि पाहून ये असं तिला कुणी सांगितलंही नव्हतं. मीसुद्धा नाही. मी फक्त अकरा मोजत होतो.

तेवढ्यात वैनींनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. पोर रडायला आली न्हवं का, म्हणाल्या, आणि बांधावर बसून तिच्याशी बोलू लागल्या. ज्वारी कशी पेरतात, गूळभेंडी ज्वारीचा हुरडा आगटीच्या खड्ड्यात किती भाजायचा, तळहात पोळले तरी कसा चोळायचा. मग येळ अमावस्येवर आल्या. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून आत पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना बाजरीच्या वाफवलेल्या उंड्यांचा, मिसळ भाज्यांच्या भज्जीचा, आंबिलीचा निवेद दाखवायचा आणि त्यातलाच थोडा चरगा म्हणून रानभर शिंपायचा. त्या दिवशी बांधावरून जो जाईल, ओळखीचा असो की नसो, त्याला हाक मारायचीच, ऊटा माडि होग्री, म्हणजे कानडीत जेवून जावा. कुणी उपाशी गेला तर रान रुसतं. मी घड्याळ बघत होतो, मोबाइलची बॅटरी लाल झाली होती, आणि वैनी तिला आता त्यांच्या माहेरच्या म्हशीबद्दल सांगत होत्या.

दोन दिवसांनी एक्केचाळिसावा लेख आला. त्याचं नावच 'ऊटा माडि होग्री'. तिनं वैनींचं बोलणं जवळजवळ तसंच ठेवलं होतं. 'सोलापूरजवळ हुरडा पार्टी' फक्त एकदा होतं, तेही अगदी शेवटी, घाबरत घाबरत. इंद्रजीतनं लेख नापास केला. मी तो संध्याकाळी गॅलरीत वाचला, पुन्हा वाचला, आणि मग विजयमालेला दिला. तिनं गॅस बंद करून वाचला. मी तो तसाच साइटवर टाकला. कंपनीच्या नियमानं खाली शेताचा नकाशा आणि 'अवश्य या' असं आपोआप छापून आलं, त्याकडे माझं लक्ष गेलं नाही. तारीख तर लेखातच होती.

अमावस्येच्या सकाळी आम्ही घरची नऊ माणसं होतो. कोप झाली, पांडव मांडले. साडेदहाला पहिली गाडी आली, मग दोन रिक्षा, मग एक टेम्पो. बारापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या. मी दहापर्यंत मोजली आणि अण्णांकडे पाहिलं. तीसपर्यंत मला आनंद झाला. शंभरानंतर मी मोजणं सोडून वैनींच्या भज्जीच्या पातेल्याकडे बघायला लागलो. त्या दिवशी कुणाकडून काही घ्यायचं नसतं, आणि कुणाला परतही पाठवायचं नसतं.

पण या लोकांच्या हातात बदकं नव्हती. बायकांच्या कमरेला, डोक्यावर टोपल्या होत्या आणि टोपल्यांवर फडकी. त्यांच्यात आमच्या जुळे सोलापुरातले होते, पूर्व भागातलं तेलुगू बोलणारं एक विणकर कुटुंब होतं, पुण्याहून मुद्दाम निघालेले होते. बहुतेकांची कधीकाळी शेतं होती. कुणाचं रस्त्यात गेलं, कुणाच्या शेतावर कॉलनी झाली, कुणाच्या भावानं विकलं. येळ अमावस्येला जायला रान नाही म्हणून ते वर्षानुवर्षं फ्लॅटच्या गच्चीवर उंडे खात होते. एकमेकांनी मोबाइलवर पुढे पाठवलेला लेख त्यांनी वाचला आणि सगळं करून घेऊन आले. शेजारच्या शेतांतूनही हाका सुरू झाल्या, आमच्याकडे पण या की, आणि गर्दी आपोआप चारी बांधांवर वाटली गेली. अण्णा गुडघे विसरून आगटीपाशी बसले आणि कणसं भाजत राहिले. त्यांना त्या दिवशी तळ्याबद्दल कुणी विचारलं नाही.

दोनच्या सुमारास केराबाई नावाची एक म्हातारी अण्णांजवळ आली. होटगीकडची होती. नातसून तिला धरून होती. तिनं ओच्यातून एक पुरचुंडी काढली आणि सोडली. आत पाच दगड होते, जुन्या शेंदरानं काळपट झालेले.

"आमचं रान पोरांनी इकलं," ती म्हणाली. "हे तेवडं मी काडून आनलं. पाच वर्सं झाली, कपाटात हाईत. आजच्या दिस तुमच्या पांडवांजवळ ठिवू का?"

अण्णांनी ते दगड स्वतःच्या हातानं घेतले, आमच्या पांडवांना थोडं सरकवलं आणि शेजारी मांडले. म्हातारी हात जोडून बराच वेळ तिथंच बसली. मला रडू आलं. आगटीचा धूर होताच, म्हणून निभावलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर अण्णा कोपीसमोर उकिडवे बसले होते. मी जवळ जाऊन म्हणालो की अण्णा, दहाच्या वर झाली असतील.

"मोजत न्हाय बसलो मी," अण्णा म्हणाले. मग दगडांकडे बघत राहिले. "शिवू, काचंखाली हे कुटं मांडायचं रं?"

दुसऱ्या दिवशी सोलरवाला आला. वैनींनी त्याला उरलेली भज्जी आणि उंडे वाढले, अण्णांनी त्याला गाडीपर्यंत पोचवलं आणि कागद कोरे परत दिले. अंकिता त्याच महिन्यात एका रविवारी आली. रानात उभी राहून तिनं चारही बाजूंना पाहिलं आणि म्हणाली, बाप रे, केवढं आकाश आहे. वैनींनी तिला आठ दिवस ठेवून घेतलं.

इथं ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण अण्णांनी मनावर घेतलं. माणसं येणार, तर पाणी पाहिजे. सरकारी योजनेतून शेततळं मिळतं असं त्यांनी ऐकलं आणि अर्ज करायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मी अर्ज केला. त्याच कार्यालयातून उत्तर आलं : 'आपण सादर केलेल्या घोषणापत्रानुसार सदर गटात तळे नाही, पूर्वीही नव्हते व भविष्यातही असणार नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' वाक्य उत्तम होतं. पत्र वाचून दाखवल्यावर अण्णांनी विचारलं की हे शेवटचं कुणी लिवलं. मी म्हणालो, मी.

बापूसाहेबांनी सल्ला दिला की घोषणापत्राला तोड म्हणून एकोणिसावा लेख छापून जोडा, त्यात तळं आहे असं स्पष्ट लिहिलंय. मी इतका थकलो होतो की जोडला. त्यावर कार्यालयानं कळवलं की लेखानुसार तळे आधीच अस्तित्वात असल्यामुळे दुसरे मंजूर करता येत नाही. आता माझ्या नावाच्या दोन फायली आहेत. एकीत तळं आहे, दुसरीत ते कधीच होणार नाही, आणि दोन्ही माझ्याच सहीच्या.

गेल्या आठवड्यात मात्र त्या कार्यालयाचे साहेब स्वतः जागा पाहायला यायला तयार झालेत. तुम्हाला सोयीची तारीख कळवा, म्हणाले. मी वैनींना फोन केला. त्यांनी पंचांग न बघताच येळ अमावस्येची तारीख सांगितली. मी म्हणालो की वैनी, त्या दिवशी रानात तीनशे माणसं असतील, साहेबांना कागद कुठे दाखवू?

"त्या दिवशी आपल्या रानातनं कुनी तसाच परत जात न्हाय, भावजी," वैनी म्हणाल्या. "सायेब बी न्हाय आन तुमचा अर्ज बी न्हाय. आदी जेवू द्या. मग काडा कागद."

अर्ज मी नव्यानं लिहिला आहे. एकाच ओळीचा, आणि भविष्याबद्दल त्यात एक शब्दही नाही.